वकिलांच्या कार्यालयातील कामांची मांडणी : प्रवर्ग, टप्पे आणि कामाचा फलक

प्रकरण-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घेतल्यानंतर वकिलांच्या अनेक कार्यालयांत ते काही महिन्यांतच तारखांच्या डायरीची महागडी प्रत होऊन राहते. पुढची तारीख कधी आहे हे त्यात दिसते; पण त्या तारखेआधी काय करून ठेवायचे होते, ते कोणाकडे आहे आणि कशामुळे अडले आहे, हे जाणून घ्यायला पुन्हा कारकुनालाच हाक मारावी लागते. दोष सॉफ्टवेअरचा क्वचितच असतो. न्यायालयात प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे आणि कार्यालयात त्याचे काम कोणापाशी थांबले आहे, या दोन वेगळ्या गोष्टी मांडणी करताना एकाच खणात कोंबल्या जातात, तिथे घोटाळा सुरू होतो.

पुढील विवेचनात नाशिकमधील एक मध्यम आकाराचे कार्यालय डोळ्यांपुढे ठेवले आहे : एक ज्येष्ठ वकील, दोन-तीन ज्युनिअर, एक कारकून आणि एक टंकलेखक. मुख्य काम सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात, शिवाय नाशिकरोड, निफाड आणि मालेगाव येथे तारखा, आणि जोडीला महसुली अपिले. सॉफ्टवेअर वकिलांसाठी खास तयार केलेले असो किंवा ट्रेलोसारखे, कामाची कार्डे स्तंभांत मांडून दाखवणारे साधे फलकाचे साधन असो, पद्धत दोन्हींत तीच राहते.

प्रवर्ग कोणते ठेवावेत

नवे सॉफ्टवेअर हाती आले की पहिल्याच दिवशी प्रवर्गांची लांबलचक यादी करण्याचा मोह होतो. दिवाणी, फौजदारी, जमीन, जुने, तातडीचे, फी बाकी, मोठा अशील, साहेबांच्या ओळखीचे अशी ती यादी वाढत जाते आणि एकच प्रकरण चार प्रवर्गांत बसू लागते. हे टाळण्यासाठी प्रत्येक प्रस्तावित प्रवर्गाला एकच प्रश्न विचारावा : या प्रवर्गामुळे प्रकरणातील कामांची यादी किंवा कायद्याने ठरलेली मुदत बदलते का? बदलत असेल तर तो प्रवर्ग ठेवावा. बदलत नसेल तर ती माहिती दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे स्वतंत्र रकान्यात किंवा टॅगमध्ये, नोंदवावी.

या कसोटीवर घासून पाहिले की यादी आपोआप आटोपशीर होते. धनादेश अनादराची प्रकरणे, दिवाणी दावे, दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज), दिवाणी अपिले, महसुली अपिले, भूसंपादन, मोटार अपघात, कामगार, कौटुंबिक, फौजदारी बचाव आणि मालमत्तेचे शोध अहवाल एवढे प्रवर्ग बहुतेकांना पुरतात. दिवाणी दावा आणि दरखास्त वेगळी का, असे कोणी विचारील. पण दाव्यात कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा आणि युक्तिवाद असा क्रम असतो, तर दरखास्तीत हुकूमनाम्याची नक्कल, मालमत्तेचे वर्णन, जप्ती आणि बेलिफाचा अहवाल यांना महत्त्व असते. कामांची यादी निराळी, म्हणून प्रवर्गही निराळा. याउलट ‘समृद्धी महामार्ग’ हा प्रवर्ग नसावा. इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांत त्या महामार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची प्रकरणे एकत्र पाहता यावीत ही गरज खरी आहे. मात्र त्यांतले एक प्रकरण मोबदल्याच्या वाढीचे, दुसरे भावाभावांच्या वाटपाचे आणि तिसरे फेरफाराविरुद्धच्या अपिलाचे असू शकते. तिथे टॅग पुरेसा आहे.

प्रत्येक प्रकरणाला प्रवर्ग एकच द्यावा आणि तो भरल्याशिवाय नोंद पूर्ण होणार नाही अशी सक्ती सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवावी. ‘इतर’ हा प्रवर्ग ठेवायला हरकत नाही, पण त्यात पाच-सहापेक्षा जास्त प्रकरणे साचली तर यादीत एखादा प्रवर्ग कमी पडतो आहे असे समजावे.

प्रवर्गाखालोखाल आपली बाजू कोणती, हा रकाना महत्त्वाचा असतो आणि तो हमखास विसरला जातो. एकाच प्रकारच्या दाव्यात आपण वादीचे वकील असलो तर समन्सची बजावणी झाली की नाही याचा पाठपुरावा आपल्याकडे असतो. प्रतिवादीचे असलो तर समन्स मिळाल्याच्या तारखेपासून कैफियतीचे दिवस मोजायचे असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ८ नियम १ प्रमाणे ही मुदत ३० दिवसांची असून न्यायालय कारणे नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. वाणिज्यिक दाव्यात मात्र १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो. म्हणून कामांचा साचा प्रवर्ग आणि बाजू या दोन्हींवरून निवडला जावा, अशी रचना करावी.

बाकीचे रकाने थोडक्यात सांगता येतील. न्यायालय, तालुका, प्रकरण क्रमांक, न्यायालयांतील प्रकरणांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्‌सवरचा सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक, पुढील तारीख, मुदतीचा शेवटचा दिवस आणि जबाबदार व्यक्ती हे असावेत. न्यायालय आणि तालुका हाताने टंकू देऊ नयेत, तयार यादीतूनच निवडायला लावावे. अन्यथा ‘नाशिकरोड’, ‘नाशिक रोड’ आणि ‘ना. रोड’ अशी तीन न्यायालये सॉफ्टवेअरमध्ये उभी राहतात आणि गाळणी लावल्यावर तिसऱ्यातील प्रकरणे दिसत नाहीत.

मुदत हा टॅग नव्हे

‘तातडीचे’ असा लाल टॅग ज्या कार्यालयात आहे, तिथे काही आठवड्यांनी निम्मी प्रकरणे लाल झालेली असतात आणि त्या रंगाकडे कोणाचे लक्ष जात नाही. मुदत ही तारीख आहे. ती तारखेच्याच रकान्यात गेली पाहिजे. रंग लावायचाच असेल तर तो त्या तारखेवरून सॉफ्टवेअरने आपोआप लावावा आणि कायद्याने ठरलेल्या मुदतीखेरीज अन्य कशासाठीही लाल रंग वापरू नये. अशिलाने तीन वेळा फोन केला, हे लाल रंगाचे कारण होऊ शकत नाही.

धनादेश अनादराचे उदाहरण इथे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण नाशिक जिल्ह्यात त्याला स्वतःचा हंगाम आहे. निफाड आणि दिंडोरी पट्ट्यातील द्राक्षांची काढणी मुख्यतः जानेवारी ते एप्रिल या काळात होते. व्यापाऱ्याने बागेच्या मालापोटी दिलेले धनादेश न वटता परत आले की कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन बागायतदार वकिलांकडे येऊ लागतात, आणि एकाच सुमारास आलेल्या अशा प्रकरणांतील प्रत्येकाचे घड्याळ वेगळ्या दिवशी सुरू झालेले असते. समजा, धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो अशिलाला ३ मार्च रोजी मिळाला. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार मागणीची नोटीस ३० दिवसांच्या आत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत, दिली गेली पाहिजे. ती समोरच्याला २० मार्च रोजी पोहोचली, तर रक्कम देण्यासाठीचे १५ दिवस ४ एप्रिलला संपतात. आणि त्यानंतर फिर्यादीसाठी एक महिना मिळतो, जो सावधगिरीने मोजल्यास ४ मे रोजी संपतो. फिर्यादीतील विलंब पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत नाही. धनादेशाची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल, तरच तो पुन्हा बँकेत लावून नव्याने सुरुवात करता येते.

या प्रवर्गाच्या साच्यात म्हणून चार तारखांचे रकाने असावेत : मेमो मिळाल्याची, नोटीस पाठवल्याची, ती पोहोचल्याची आणि फिर्यादीच्या शेवटच्या दिवसाची. यांपैकी तिसरी तारीख टपालाच्या ऑनलाइन नोंदीवरून किंवा पोचपावतीवरून कोणीतरी मुद्दाम पाहून भरावी लागते. साच्यात ‘नोटीस पोहोचल्याची तारीख पाहणे’ असे स्वतंत्र कार्ड नोटीस पाठवल्यानंतर आठवडाभराने आपोआप तयार होईल, अशी सोय करून ठेवावी. शेवटच्या दिवसाच्या अलीकडे कार्यालयाची स्वतःची तारीखही असावी. वरच्या उदाहरणात फिर्याद २० एप्रिलला दाखल करायची असे ठरवले, तर प्रतिज्ञापत्रासाठी अशील गावाहून येऊ शकला नाही तरी दोन आठवडे हाती राहतात.

अपिलाच्या मुदती सॉफ्टवेअरवर पूर्णपणे सोपवू नयेत. जिल्हा न्यायालयात ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस, किंवा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५० नुसार जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ६० दिवस आणि इतर बाबतींत ९० दिवस, एवढे गणित यंत्राला जमते. परंतु नक्कल मिळण्यात गेलेला काळ वगळायचा असतो आणि त्यासाठी नक्कल अर्जाची तारीख व नक्कल तयार झाल्याची तारीख या दोन्ही हव्यात. सॉफ्टवेअरने नक्कलेचे दिवस न वगळता काढलेली अलीकडची तारीख फलकावर दिसू द्यावी. सवलतीचा हिशेब वकिलाने स्वतः करून टिपणात लिहावा. जास्तीचे दिवस फलकावर दिसू लागले की ते वापरलेही जातात.

फलकाचे स्तंभ

कामाची कार्डे डावीकडून उजवीकडे सरकवण्याची पद्धत टोयोटाच्या कारखान्यांतून आली. ताइची ओनो यांनी तिथे विकसित केलेल्या कानबान पद्धतीतली कार्डे सुट्या भागांची मागणी कळवण्यासाठी होती. पुढे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी ती कार्यालयीन कामासाठी उचलली. तिच्यातली दोन तत्त्वे आपल्याला पुरतात. काम सर्वांना दिसले पाहिजे, आणि एका टप्प्यावर किती काम साठू द्यायचे याला मर्यादा हवी.

बहुतेकांची पहिली चूक स्तंभांच्या नावांत होते. ‘कैफियत’, ‘मुद्दे’, ‘सरतपास’, ‘उलटतपास’, ‘युक्तिवाद’, ‘निकाल’ असे स्तंभ पाडले की फलक दिसायला शास्त्रशुद्ध दिसतो, पण तो महिनोन्‌महिने हलत नाही, कारण त्या पायऱ्यांवर प्रकरण पुढे नेणे न्यायालयाच्या हाती असते. तो टप्पा रकान्यात नोंदवावा. ई-कोर्ट्‌सवर तो तसाही मिळतो. फलकाचे स्तंभ कार्यालयातील काम सध्या कोणाच्या हाती आहे, यावरून ठरवावेत. खालील क्रम व्यवहारात चांगला चालतो :

१. कागद यायचे
२. मसुदा
३. ज्येष्ठांची तपासणी
४. अशिलाची सही
५. दाखल करायचे
६. बाहेर थांबलेले
७. झाले

फलकावरचे कार्ड हे प्रकरणाचे नसून एका कामाचे असते, हे पक्के ठरवावे. एकाच दाव्यात निशाणी ५ च्या (तात्पुरत्या मनाईच्या) अर्जावरील म्हणणे ‘तपासणी’त आणि दस्तऐवजांची यादी ‘कागद यायचे’ या स्तंभात असू शकते. कार्डाचे शीर्षक क्रियापदासह लिहावे. ‘७/१२’ एवढेच लिहिलेल्या कार्डावरून तो आणायचा आहे, तपासायचा आहे की दाखल करायचा आहे, हे लिहिणाऱ्याखेरीज कोणालाच समजत नाही. ‘गट नंबरचे १९८० पासूनचे फेरफार मागवणे’ असे लिहिले तर नवा ज्युनिअरही कामाला लागू शकतो. प्रत्येक कार्डावर नाव एकाच व्यक्तीचे असावे. दोघांच्या नावावर टाकलेले काम दोघेही दुसऱ्याचे समजतात.

‘कागद यायचे’ या स्तंभात कार्डे साठली तर अशिलांना पाठवायची कागदांची यादी नीट नाही असे समजावे आणि प्रत्येक प्रवर्गासाठी मराठीत एक छोटी यादी करून ती पहिल्याच भेटीत हाती द्यावी. ‘अशिलाची सही’ इथे गर्दी झाली तर ग्रामीण भागातील अशिलांना एकाच खेपेत वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र आणि दस्तऐवजांची यादी यांवर सह्या करता येतील, अशा बेताने बोलवावे.

सर्वांत नाजूक जागा ‘ज्येष्ठांची तपासणी’ ही आहे. ज्युनिअर मसुदे करून ठेवतात आणि ज्येष्ठ वकील दिवसभर न्यायालयात असतात, त्यामुळे कार्यालयाचा सगळा तुंबारा तिथे होतो. या स्तंभाला मर्यादा घालावी. पाच कार्डांपासून सुरुवात करावी. पाच कार्डे तपासणीत असतील तर सहावे तिथे जाणार नाही आणि ज्युनिअरने नवा मसुदा हाती घेण्याऐवजी नक्कल अर्ज, टपालाचा पाठपुरावा किंवा बाहेर थांबलेली कामे करावीत. ही मर्यादा खरे तर ज्येष्ठांना लागू होते, आणि म्हणूनच ती पाळणे अवघड जाते. रोज संध्याकाळी ठरावीक अर्धा तास तपासणीला देण्याची तयारी नसेल तर फलक लावण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो केवळ ज्युनिअरांवर नजर ठेवण्याचे साधन होऊन बसेल.

‘बाहेर थांबलेले’ हा स्तंभ नसेल तर काम गहाळ होण्याची खात्रीच समजावी. नक्कल विभागाकडून नक्कल यायची आहे, बेलिफाचा बजावणी अहवाल बाकी आहे, भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीचा नकाशा मिळायचा आहे, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुना हस्तलिखित फेरफार शोधला जातो आहे, अशी ही कामे असतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता संगणकावर लगेच मिळतो; जुने फेरफार आणि कडईपत्रके (जमिनीच्या जुन्या नोंदी) यांच्यासाठी मात्र हेलपाटे चुकत नाहीत. या स्तंभात कार्ड टाकताना दोन गोष्टी भरल्याशिवाय ते तिथे जाणार नाही असा नियम करावा : काम नेमके कोणत्या कार्यालयात थांबले आहे, आणि पुन्हा कधी विचारायचे. त्या दिवशी कार्ड आपोआप वर यावे. अर्जाचा क्रमांक व पोचपावतीचे छायाचित्र कार्डालाच जोडावे, म्हणजे विचारायला दुसराच माणूस गेला तरी तो रिकाम्या हाताने खिडकीपुढे उभा राहत नाही.

आडव्या पट्ट्या गावांच्या

उभे स्तंभ कामाचा टप्पा दाखवतात. आडव्या पट्ट्या कशाच्या पाडाव्यात, हा निर्णय प्रत्येक कार्यालयाचा वेगळा असू शकतो. प्रवर्गाच्या पट्ट्या पाडण्याची पद्धत बरीच रूढ आहे. नाशिक जिल्ह्याचा विस्तार पाहता गावांच्या पट्ट्या जास्त उपयोगी पडतात. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत, मालेगाव नाशिक शहरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि विभागीय आयुक्तांचे कार्यालय नाशिकरोडला आहे. जिल्हा न्यायालय, नाशिकरोड, निफाड, मालेगाव आणि ‘इतर तालुके’ अशा पट्ट्या असल्या, की मालेगावला तारखेसाठी निघालेला ज्युनिअर आदल्या संध्याकाळी एक पट्टी पाहून तिथल्या नक्कला, तिथले नक्कल अर्ज आणि तिथल्या अशिलाच्या सह्या अशी सगळी कामे एकाच खेपेत उरकू शकतो. केवळ नक्कल आणण्यासाठी पुन्हा एसटी पकडण्याची वेळ येत नाही. कौटुंबिक किंवा कामगार प्रकरणेच अधिक असलेल्या आणि शहराबाहेर न जाणाऱ्या कार्यालयाला या पट्ट्यांची गरज पडणार नाही. त्यांनी जबाबदार व्यक्तीप्रमाणे पट्ट्या पाडाव्यात.

सुरुवात कशी करावी

जुनी सगळी प्रकरणे भरून झाल्यावरच फलक सुरू करू, असे ठरवले तर तो सुरू होत नाही. येत्या चार आठवड्यांत तारीख असलेली प्रकरणे आणि मुदत धावत असलेली प्रकरणे एवढीच आधी भरावीत. बाकीची जसजशी पुकारली जातील तसतशी त्याच संध्याकाळी भरली जावीत. निकाल लागलेली प्रकरणे फलकावर आणूच नयेत. मात्र निकाल विरोधात गेला असेल तर अपिलाचा निर्णय होईपर्यंत ते प्रकरण चालूच समजावे.

न्यायालयातून परतल्यावर पुढची तारीख नोंदवण्याचे काम एका माणसाकडे असावे. ई-कोर्ट्‌सच्या ॲपवरून तारखा पाहता येतात, पण तिथली नोंद अद्ययावत व्हायला कधी वेळ लागतो आणि त्या दिवशी नेमके काय घडले हे रोजनाम्यावरूनच, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीवरूनच, कळते. म्हणून हाताने घेतलेली नोंद आणि ॲपवरील तारीख दोन दिवसांनी पडताळून पाहावी. कागदी डायरी लगेच बंद करण्याची घाई नको. निदान एक न्यायालयीन सत्र दोन्ही चालू ठेवावीत. फरक आढळला तर तो कोणत्या टप्प्यावर पडतो हे तेवढ्या काळात समजते.

आठवड्यातून एकदा, शनिवारी सर्वांनी मिळून फलक उजवीकडून डावीकडे वाचावा. संपत आलेली कामे आधी पुढे सरकवली जातात आणि नव्या कामांचा उत्साह मग येतो. दोन आठवडे न हललेल्या प्रत्येक कार्डाचे कारण त्याच वेळी लिहून ठेवावे.

कोणाला काय दिसावे

अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण आहे, आणि ती जबाबदारी कारकुनापर्यंत पोहोचते. त्यामुळे कौटुंबिक आणि फौजदारी प्रवर्गांतील टिपणे सर्वांना उघडी ठेवू नयेत. कार्डाचे शीर्षक आणि तारीख सर्वांना दिसावी, आतील मजकूर त्या प्रकरणावर काम करणाऱ्यांनाच. शीर्षकात पीडितेचे किंवा अल्पवयीन मुलाचे नाव कधीही लिहू नये, क्रमांकच लिहावा. प्रशिक्षणासाठी येणाऱ्या विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना स्वतंत्र प्रवेश द्यावा आणि त्यांचा कालावधी संपला की तो त्याच दिवशी बंद करावा.

मराठी मजकुराबाबत एक अडचण सर्वत्र आढळते. जुने मसुदे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले असतात आणि ते सॉफ्टवेअरमध्ये चिकटवले की निरर्थक अक्षरे उमटतात. उमटली नाहीत तरी शोध लागत नाही. नव्या सर्व नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात, जुने मसुदे पीडीएफ करून जोडावेत आणि पक्षकाराचे नाव मराठी व इंग्रजी अशा दोन रकान्यांत लिहावे, कारण ई-कोर्ट्‌सवर शोध घेताना इंग्रजी स्पेलिंग लागते. महिन्यातून एकदा सगळी माहिती बाहेर काढून कार्यालयाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवावी. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरी बिघडलेली दिसू शकते. ती आयात करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा आणि नक्कला, टिपणे व जोडलेली छायाचित्रे त्या निर्यातीत खरोखर आली आहेत की केवळ त्यांची नावे आली आहेत, हे दोन-तीन प्रकरणे उघडून तपासावे.